ताज्या बातमीवर बोलताना

१९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमारास देशोदेशीचे विंडोज संगणक एकामागोमाग एक निळ्या पडद्यावर अडकू लागले. विमानतळांवरचे चेक-इन ठप्प झाले. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. दुपारपर्यंत अनेकांनी निकालही देऊन टाकला होता. कुणी म्हणाले मायक्रोसॉफ्ट कोसळले, तर कुणी म्हणाले हा सायबर हल्ला आहे.

दोन्ही चूक होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन प्रणालीसाठी भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष अपडेट पाठवले आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ते मागे घेतले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्याआधी काही तास मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर सेवेत, अमेरिकेतल्या एका विभागात, निराळाच बिघाड झाला होता. लोकांनी दोन्ही घटना एकत्र केल्या. नेमके कारण कंपनीने ६ ऑगस्टला सविस्तर मांडले: प्रणालीच्या एका भागाला माहितीचे २० रकाने अपेक्षित होते, अपडेटमध्ये २१ धरलेले होते, आणि त्या एका जास्तीच्या रकान्यापायी संगणक भलत्याच जागची माहिती वाचायला गेला.

म्हणजे प्रतिक्रिया काही तासांत आल्या आणि उत्तर अडीच आठवड्यांनी आले. मधल्या या काळात आपण काय बोलतो, हाच या लेखाचा विषय आहे.

तंत्रज्ञानाच्या बातम्यांची मूळ कागदपत्रे बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. मराठी वाचकापर्यंत अनेकदा फक्त मथळा येतो, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलेल्या चार ओळी हेच त्याच्यासाठी पहिले स्पष्टीकरण ठरते. तुमची प्रतिक्रिया पुढच्या वाचकासाठी बातमीचाच भाग होते. म्हणून ती बातमीइतक्याच जबाबदारीने लिहायला हवी. ते अवघड नाही, थोडी सवय लागते.

पहिल्या तासांत पाहिलेले सांगा

मोठी घटना घडल्यावर सुरुवातीला साधारण तीनच गोष्टी कळतात: काय बंद पडले, कुठे, आणि केव्हापासून. 'का' हे शेवटी कळते. म्हणून पहिल्या तासांत कारणावर मत देऊ नका, आपण प्रत्यक्ष पाहिलेले तेवढे सांगा. "आमच्या ऑफिसात सकाळपासून विंडोजची मशीन बंद आहेत, मॅक मात्र नीट चालू आहेत," हे एक वाक्य 'सायबर हल्ला' असे लिहिलेल्या शंभर प्रतिक्रियांपेक्षा मोलाचे आहे. त्या दिवशी मॅक आणि लिनक्सला खरोखरच काही झाले नव्हते. असे निरीक्षण जाणकाराला दिशा देते.

माहिती नसेल तर प्रश्न विचारा, पण खरा प्रश्न विचारा. "हा हल्ला तर नाही ना?" हा प्रश्नाच्या वेषातला निष्कर्ष आहे. "कंपनीने काही निवेदन दिले आहे का? कुणाकडे दुवा आहे का?" या प्रश्नाने चर्चा पुढे जाते.

उपाय सुचवताना दुप्पट सावध राहा. त्या दिवशी अडकलेल्या लोकांना गाठण्यासाठी भामट्यांनी 'दुरुस्तीची फाइल' म्हणून घातक सॉफ्टवेअर पसरवले. खरा उपाय कंटाळवाणा होता: संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि सी-०००००२९१ अशा नावाने सुरू होणारी फाइल काढून टाकायची, तीही प्रत्येक यंत्रावर. कंपनीच्या किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या पानावर नसलेला उपाय पुढे पाठवू नका. मित्राने सांगितला असला तरी नाही.

चकित करणाऱ्या पोस्टपाशीही थांबा. त्याच दिवशी बेल्जियममधल्या एका विडंबनकाराने क्राउडस्ट्राइकच्या कार्यालयासमोरचा बनावट फोटो टाकून "आज नोकरीचा पहिला दिवस, छोटेसे अपडेट पाठवले" अशा अर्थाची गंमत केली. असंख्य लोकांनी ती खरी मानली. एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि हे काम यंत्रांपेक्षा माणसेच जास्त करत होती. खोट्या बातम्यांवरच्या प्रतिक्रियांत आश्चर्य आणि किळस जास्त आढळली. म्हणून बातमी वाचून तोंडून 'काय सांगता!' निघाले, की बोट थांबवायची वेळ झाली असे समजा.

मथळ्यामागचा कागद गाठा

जवळपास प्रत्येक बातमीच्या मुळाशी एक कागद असतो: कंपनीचे निवेदन, शोधनिबंध, न्यायालयाचा आदेश, रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक किंवा मंत्रालयाची अधिसूचना. तो शोधायला बहुतेक वेळा पाच मिनिटे पुरतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये २००० रुपयांच्या नोटेत 'जीपीएस चिप' असल्याची बातमी दूरचित्रवाणीवरही झळकली. रिझर्व्ह बँकेने त्या नोटेची वैशिष्ट्ये आधीच जाहीर केली होती आणि त्यात चिपचा मागमूस नव्हता. एक पान उघडले असते तर वाद मिटला असता.

कागद मिळाला की तो कोणत्या जातीचा आहे तेही पाहा. २२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 'एलके-९९' नावाच्या पदार्थाबद्दलचे निबंध 'अर्काइव्ह'वर टाकले. साध्या दाबाला आणि खोलीच्या तापमानालाच नव्हे, तर त्याच्याही बऱ्याच वर हा पदार्थ अतिसंवाहक, म्हणजे विजेला जराही रोध न करणारा, राहतो, असा दावा होता. तो खरा असता तर विजेच्या तारांपासून एमआरआय यंत्रांपर्यंत कितीतरी गोष्टी बदलल्या असत्या. चर्चांमध्ये जग बदललेसुद्धा. पण अर्काइव्हवरचा निबंध हा तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा कच्चा मसुदा असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ बनवून पाहिला गेला, पण अतिसंवाहकता कुणालाच सापडली नाही. मूळ नमुन्यात ताम्र सल्फाइडची भेसळ होती, आणि साधारण १०४ अंश सेल्सियसला त्याची रचना बदलून विजेचा रोध एकदम घसरतो. फसगत तिथे झाली होती. ऑगस्ट संपण्याआधी प्रकरण आटोपले.

अशा वेळी उत्साह दाखवू नये असे मुळीच नाही. "दावा मोठा आहे, निबंध अजून तपासला गेलेला नाही, दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत वाट पाहू," असे लिहिले की उत्साहही राहतो आणि वाचणाराही फसत नाही.

क्रियापद आणि आकडा नीट वाचा

बातमीत दोन जागा सगळ्यांत जास्त फसवतात. पहिली म्हणजे क्रियापद. 'झाले', 'होणार', 'होऊ शकते' आणि 'झाल्याचा दावा' या चार वेगळ्या बातम्या आहेत.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. १३ सप्टेंबर २०२२ रोजी वेदान्त आणि फॉक्सकॉनने सेमीकंडक्टर प्रकल्पासाठी गुजरात सरकारशी सामंजस्य करार केले. गुंतवणुकीचा आकडा होता १ लाख ५४ हजार कोटी रुपये. त्याआधी तळेगावचे नाव चर्चेत होते, त्यामुळे मराठी समाजमाध्यमांवर काहूर माजले. प्रकल्प का गेला, वाटाघाटी कुठे फिसकटल्या, हे प्रश्न रास्त होते आणि ते विचारायलाच हवे होते. पण बहुतेक प्रतिक्रियांमध्ये एक लाख नोकऱ्या जणू हातातल्या हिसकावून नेल्या होत्या, आणि दुसरीकडे त्या जणू मिळाल्याही होत्या. सामंजस्य करार म्हणजे इरादा. त्यात पैसा आलेला नसतो, पाया खणलेला नसतो. १० जुलै २०२३ रोजी फॉक्सकॉनने त्या संयुक्त उपक्रमातून अंग काढून घेतले. दहा महिने ज्यावरून आपण एकमेकांची उणीदुणी काढली, तो कारखाना त्या रूपात उभा राहिलाच नाही. पुढच्या वेळी 'सामंजस्य करार' हे शब्द दिसले की आधी विचारा: जमीन दिली का? केंद्राची मंजुरी आहे का? तंत्रज्ञान कोण देणार?

दुसरी जागा म्हणजे आकडा. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने 'आर-१' हे एआय मॉडेल आणले आणि "अमेरिकी कंपन्या अब्जावधी ओततात, यांनी ५६ लाख डॉलरमध्ये केले" हे वाक्य जगभर फिरले. २७ जानेवारीला एआयसाठीच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्क्यांनी पडला. तो आकडा डीपसीकच्याच अहवालातला होता, पण 'व्ही-३' या आधीच्या मॉडेलचा. शिवाय तो फक्त शेवटच्या प्रशिक्षण फेरीचा खर्च होता, तोही चिप ताशी दोन डॉलर भाड्याने घेतली असे धरून काढलेला. आधीचे संशोधन आणि प्रयोग त्यात धरलेले नाहीत, हे अहवालातच लिहिले होते. डीपसीकचे काम कौतुकास्पदच होते. तुलना मात्र चुकीची होती, कारण एका बाजूला एका फेरीचा खर्च होता आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा सगळा खर्च.

आकडा दिसला की तीन गोष्टी पाहा: कशाचा, किती काळाचा, आणि कुणी मोजलेला.

चार ओळी कशा लिहाव्यात

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीत घरटी कुणीतरी ओळखीचे असते, त्यामुळे ही बातमी आपल्याकडे फार जवळची वाटली. अशा बातमीखाली हमखास दिसणारी प्रतिक्रिया अशी असते:

"एआयने सगळ्यांच्या नोकऱ्या खाल्ल्या. आयटी संपले. मुलांना इंजिनिअरिंगला घालू नका."

तीन वाक्ये आणि तीन निकाल, आधार एकालाही नाही. तीच काळजी अशीही मांडता येते:

"टीसीएस या आर्थिक वर्षात सुमारे दोन टक्के लोक कमी करणार आहे, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. कंपनीच्या प्रमुखांचे म्हणणे असे की कारण एआय नाही. काही लोकांना कौशल्यानुसार काम देता येत नाही. मला हे पुरते पटत नाही, कारण कोणती कौशल्ये हवीत हे एआयमुळेच बदलते आहे. पण हे माझे मत आहे. एका कंपनीच्या निर्णयावरून बारावीच्या मुलाने शाखा ठरवू नये. ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांनी घाईने राजीनाम्यावर सही करू नये, आधी नेमणूकपत्रातल्या अटी वाचाव्यात."

दुसरी प्रतिक्रिया लांब आहे, पण प्रत्येक वाक्याला काम आहे. आधी घडलेली गोष्ट, मग संबंधितांची बाजू, मग आपले मत आणि त्यामागचे कारण, मग त्या मताची मर्यादा, आणि शेवटी वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काही. यात ठामपणा कमी झालेला नाही. कोणते वाक्य बातमीचे आणि कोणते आपले, हे वाचणाऱ्याला कळते एवढेच.

आपला संबंध असेल तर तोही सांगा. त्या कंपनीत नोकरी असेल, तिचे शेअर असतील किंवा प्रतिस्पर्धी कंपनीत काम असेल, तर एका ओळीत लिहिले की वाचणारा तुमच्या मताचे वजन स्वतः ठरवतो. त्याने विश्वास वाढतोच.

आणि ज्या विषयात आपण मुरलेले आहोत त्यात संकोच करू नका. बँकेत काम करणाऱ्याला यूपीआयचे व्यवहार कुठे अडकतात हे माहीत असते, महावितरणमधल्या अभियंत्याला स्मार्ट मीटरमध्ये काय असते ते ठाऊक असते. अशांचे दोन परिच्छेद मराठीत फार कमी दिसतात, आणि गरज त्यांचीच आहे.

घरच्या ग्रुपवर

अनोळखी माणसाशी वाद घालणे सोपे असते, आत्याशी अवघड. मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, "हे मृत्यू ५जीच्या चाचण्यांमुळे होत आहेत" असे संदेश घराघरांत फिरत होते. १० मे रोजी दूरसंचार विभागाने स्पष्ट केले की देशात ५जीच्या चाचण्या तेव्हा कुठेही सुरूच झाल्या नव्हत्या. आजही मोबाइल टॉवरबद्दलचे तसेच संदेश येतात, आणि पाठवणारी माणसे बहुतेक वेळा काळजीपोटीच पाठवतात.

तेव्हा सगळ्यांसमोर "कसल्या अफवा पसरवतेस" असे लिहू नका. आधी आत्याला एकटीला फोन करा, किंवा वेगळा संदेश पाठवा: "आत्या, तू टाकलेला टॉवरचा मेसेज वाचला. मलाही आधी धक्का बसला. पण तो २०२१ पासून फिरतोय, सरकारने तेव्हाच खुलासा केला होता. दुवा पाठवते, बघून घे. तूच ग्रुपवर टाकलास तर सगळे ऐकतील." शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. चूक सुधारण्याचा मान त्यांच्याकडेच राहतो, आणि पुढच्या वेळी त्या आधी तुम्हाला विचारतात.

संदेशावर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' अशी खूण असेल, तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो. ज्येष्ठांना ही एक खूण ओळखायला शिकवली तरी निम्मे काम होते. फोटो जुना वाटला तर गूगल लेन्सवर टाकून पाहायला शिकवा. फॅक्ट क्रेसेंडोचे मराठी पान आणि मुंबईचे बूम या तथ्यतपासणी करणाऱ्या संकेतस्थळांवरची तपासणी मोबाइलवर सहज वाचता येते.

जिथे जिवाशी गाठ असते

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. मंगळवेढ्याकडून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्याआधी परिसरात फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. मर्यादा आली, पण ते पाच जण परत आले नाहीत.

म्हणून एखाद्या माणसाचा, समाजाचा किंवा गाडीचा फोटो 'सावध राहा' म्हणून आला, तर तो पुढे पाठवू नका. खरेच भीती वाटत असेल तर ११२ वर फोन करा. पोलिसांना कळवणे आणि गावाला चेतवणे यात माणसाच्या जिवाचे अंतर आहे.

युद्धाच्या काळात हेच अधिक कठोरपणे पाळावे लागते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या हल्ल्यांची म्हणून फिरली, जुन्या स्फोटांचे व्हिडिओ नव्या तारखा लावून आले. त्याआधी एप्रिलच्या अखेरीस माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण न करण्याची सूचना दिली होती आणि त्यात २६/११ची आठवण करून दिली होती. मुंबईवरच्या त्या हल्ल्यात थेट प्रक्षेपण दहशतवाद्यांच्या सूत्रधारांच्या कामी आले होते. तोच नियम आपल्या मोबाइलला लागू आहे. लष्कराचा ताफा दिसला, तर मनात अभिमान ठेवा आणि कॅमेरा खाली ठेवा.

कायद्याची बाजूही माहीत असावी. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या लढ्यातून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. मत मांडणे, टीका करणे हा तुमचा हक्क आहे आणि तो वापरायला घाबरू नका. मात्र समाजासमाजांत वैर पेरणारा मजकूर आणि लोकांत घबराट पसरवणारी खोटी विधाने भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि ३५३ खाली गुन्हा ठरू शकतात. "मी फक्त फॉरवर्ड केले" एवढ्याने सुटका होईलच असे नाही.

चुकीचे लिहून गेलो तर

घाईत चूक होतेच. ती झाल्यावर पोस्ट गुपचूप पुसू नका. ज्यांनी ती वाचली त्यांच्या डोक्यात ती तशीच राहते. मूळ मजकुराच्या वरच्या ओळीत तारखेसह लिहा: "दुरुस्ती: सकाळी हा सायबर हल्ला असल्याचे लिहिले होते. कंपनीच्या निवेदनानुसार तसे नाही, सदोष अपडेट हे कारण आहे." जिथे जिथे चुकीची माहिती पाठवली, तिथे तिथे ही ओळ पाठवा. मजकुरामुळे कुणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र तो लगेच काढा आणि दुरुस्ती वेगळी टाका.

दुसऱ्याने अशी दुरुस्ती केली तर तिचे स्वागत करा. "बघा, तेव्हा मी सांगत होतो" असे ऐकवले, की पुढच्या वेळी तो माणूस चूक मान्य करणार नाही, आणि त्याच्याकडे पाहणारे दहा जणही करणार नाहीत.

प्रत्येक बातमीवर बोललेच पाहिजे असेही नाही. लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मी मूळ बातमी पूर्ण वाचली का? माझ्याकडे नवे काही आहे का: निरीक्षण, अनुभव, दुवा किंवा नेमका प्रश्न? हे उद्या माझ्या नावासह वाचले गेले तर चालेल का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर जरूर लिहा, सविस्तर लिहा. नसेल तर वाचा, आणि जो नीट लिहितो आहे त्याला दाद द्या. चांगल्या प्रतिक्रियेला मिळालेली दाद पाहून दुसरा तशीच प्रतिक्रिया लिहायला बसतो.

पुढची मोठी बातमी कधीही येईल: एखादे नवे मॉडेल, एखादा डेटा चोरीचा प्रकार, एखादा अपघात. त्या दिवशी मराठीत मूळ कागद वाचून, काय कळले आणि काय अजून कळलेले नाही हे साध्या शब्दांत सांगणारी माणसे हवी आहेत. गावातल्या दुकानदाराला, निवृत्त शिक्षकाला, आयटीआयच्या मुलीला ती बातमी समजून घेण्याचा तेवढाच हक्क आहे. इंग्रजी येते आणि विषय कळतो, अशा प्रत्येकाने महिन्यातून एका बातमीपुरते तरी हे काम अंगावर घ्यावे.